स्वातंत्र्य हें बक्षीस होय काय?

युद्धांत पराक्रम गाजविणाऱ्यास इनाम द्यावें, ही चाल सर्व देशांत फार जुनी आहे. जहागीर, पदक, निवृत्तिवेतन अशीं त्या इनामाचीं नाना रूपें असतात, आणि त्यांत कोणास कांहीं गैर वाटत नाहीं. परंतु इनाम म्हणून एखाद्यास त्याचें स्वतःचेंच शरीर देऊं केलें, तर त्या व्यवहारास काय म्हणावें? दात्यानें येथें आपल्या पदरचें असें काय दिलें? हा प्रश्न केवळ तर्कशास्त्राचा नव्हे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकन वसाहतींनीं इंग्लंडच्या राजाविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारलें, तेव्हां हजारों कृष्णवर्णीय गुलामांपुढें तो प्रत्यक्ष उभा राहिला.

व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर लॉर्ड डनमोर याचा ता. ७ नोव्हेंबर १७७५ चा जाहीरनामा प्रसिद्ध आहे. बंडखोरांचे जे गुलाम शस्त्र धरण्यास समर्थ असतील व राजाच्या सैन्यास येऊन मिळतील ते स्वतंत्र समजले जातील, असा त्याचा आशय होता. राजनिष्ठ मालकांचे गुलाम मात्र गुलामच राहावयाचे होते. खुद्द डनमोरचे गुलामही त्यांतच आले. म्हणजे गुलामगिरी हें पाप आहे म्हणून नव्हे, तर गुलाम ही शत्रूची संपत्ति आहे म्हणून हा घाव घातला होता. दुसऱ्या पक्षाची वर्तणूक याहून फारशी उजळ नव्हती. ऱ्होड आयलंड संस्थानानें १७७८ च्या फेब्रुवारींत गुलामांस पलटणींत घेण्याचा कायदा केला. भरती होणारा गुलाम मुक्त व्हावयाचा आणि त्याची किंमत मालकास सरकारांतून मिळावयाची, अशी योजना होती. पण मालकवर्गाची कुरकुर सुरू होतांच थोड्याच महिन्यांत ती भरती बंद झाली.

ह्या व्यवहाराचें खरें स्वरूप जेम्स नांवाच्या एका गुलामाच्या हकीकतींत स्वच्छ दिसतें. व्हर्जिनियांतील विल्यम आर्मिस्टेड याच्या मालकीचा हा मनुष्य १७८१ सालीं, मालकाच्या परवानगीनें, अमेरिकन सैन्यांतील फ्रेंच सेनापति लाफायेत याचा हेर झाला. इंग्रज सेनापति कॉर्नवॉलिस याच्या छावणींत शिरून तेथील बातम्या तो लाफायेतला पोंचवीत राहिला. (हाच कॉर्नवॉलिस पुढें हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल झाला, आणि टिपूवरील १७९०-९२ च्या युद्धांत मराठ्यांचा दोस्त म्हणून आपल्या इतिहासांत येतो.) यॉर्कटाऊन येथें कॉर्नवॉलिस शरण आला, वसाहती स्वतंत्र झाल्या, आणि जेम्स मात्र पूर्ववत् गुलामच राहिला.

१७८३ सालीं व्हर्जिनियाच्या विधिमंडळानें, मालकांच्या ऐवजीं शिपाई म्हणून लढलेल्या गुलामांस मुक्त करणारा कायदा केला. पण जेम्स हा शिपाई नव्हता, हेर होता. तेव्हां कायद्याचीं अक्षरें त्यास लागू पडेनात. लाफायेतनें १७८४ सालीं त्यास प्रशस्तिपत्र लिहून दिलें, त्यानें विधिमंडळाकडे अर्ज केला, आणि १७८७ च्या जानेवारींत तो मुक्त झाला. त्याची किंमत सरकारी तिजोरींतून देण्यांत आली. ती कोणास मिळाली? आर्मिस्टेडला! जीव धोक्यांत घातला जेम्सनें, आणि नुकसान झालें असें ठरलें मालकाचें.

येथें कोणी असें म्हणेल, कीं दयेनें मिळालेल्या मुक्तीपेक्षां पराक्रमानें मिळविलेली मुक्ति श्रेष्ठ. तिनें मिळविणाऱ्याचा स्वाभिमान जागा होतो व जगास त्याची योग्यता पटते. ह्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. ज्याच्यापुढें दुसरें दारच नव्हतें त्यानें हें दार ठोठावलें, यांत त्याची थोरवीच आहे. परंतु दोष दार ठोठावणाऱ्याचा नसून तें लावून घेणाऱ्याचा आहे. परीक्षेस बसणाऱ्याचें कौतुक करतांना, परीक्षा घेण्याचा अधिकार परीक्षकास कोणीं दिला, हें विचारावयास नको काय? शूर गुलाम मुक्त करावा, असें एकदां म्हटलें, कीं भित्रा, म्हातारा, पांगळा, कडेवर मूल घेऊन शेतांत राबणारी आई, या सर्वांची गुलामगिरी आपोआप रास्त ठरते. एकाच्या गळ्यांत घातलेला हार हा असा शंभरांच्या पायांतील बेडी होतो.

शिवाय, सेवेच्या मोबदल्यांत जें मिळतें तें सेवेची गरज संपतांच हिरावूनही घेतां येतें. यॉर्कटाऊनच्या वेढ्यांत अन्नाचा तुटवडा पडला, तेव्हां स्वातंत्र्याच्या आशेनें आश्रयास आलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांस कॉर्नवॉलिसच्या सैन्यानें बाहेर हांकलून दिलें. त्यांतील कित्येकांच्या अंगावर देवी फुटल्या होत्या. विजयानंतर वॉशिंग्टननें असल्या फरारी गुलामांस गोळा करून मालकांच्या स्वाधीन करण्याचा हुकूम काढला.

तथापि ह्या चित्रांत एक रेषा निराळी आहे. १७८३ च्या तहान्वये इंग्रजांनीं गुलाम बरोबर न नेतां देश सोडावयाचा होता. न्यूयॉर्क येथील इंग्रज सेनापति सर गाय कार्लटन यानें मात्र, जाहीरनाम्यांवर विश्वासून आलेले लोक स्वतंत्रच आहेत व त्यांस परत देणें हा वचनभंग होईल, असें वॉशिंग्टनला तोंडावर सांगितलें. सुमारे ३,००० जणांचीं नांवें वहींत नोंदून त्यांना गलबतांवर चढविण्यांत आलें. बहुतेक नोव्हा स्कोशियास गेले. स्वार्थानें दिलेलें वचन पाळतांना स्वार्थाच्या पलीकडे गेलें, ही गोष्ट लहान नव्हे. पण पुढें मालकांस भरपाई द्यावी लागल्यास हिशेब हाताशीं असावा, हाही त्या वहीचा एक हेतु होता, हें विसरतां येत नाहीं.

त्या वहींत हॅरी वॉशिंग्टन हें एक नांव आहे. हा खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनचा गुलाम. युद्धकाळीं पळून तो इंग्रजांस मिळाला होता. १७९२ सालीं नोव्हा स्कोशियांतून सुमारे १,२०० लोक आफ्रिकेंत सिएरा लिओन येथें वसाहत करण्यास गेले, त्यांत तोही होता. तेथील कंपनीनें जमिनीवर खंड लादला. १८०० सालीं वसाहतवाल्यांनीं बंड केलें. हॅरी त्यांत सांपडला व हद्दपार झाला. स्वातंत्र्य हें त्यानें बक्षीस मानलें असतें, तर देणाऱ्याच्या उपकाराखालीं मान लववून तो मुकाट्यानें खंड भरीत राहिला असता. त्यानें तसें केलें नाहीं, कारण जें आपलेंच होतें तें परत मिळाल्याबद्दल कोणाचें ऋण मानावयाचें, हें त्याला कळेना. ‘आधीं लायक व्हा, मग हक्क मागा,’ असें दुसऱ्यास सांगण्याचा मोह ज्यांस होतो, त्यांनीं हॅरीचा हा कृतघ्नपणा एकदां शांतपणें विचारांत घ्यावा.