परदेशी विद्येचे ऋण

‘मुलाला शिकायला परदेशी धाडावे काय?’ असे पालक मला विचारतात. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर, काय सांगणार? पण वाचकहो, आम्हां मराठवाड्याच्या माणसांना हा प्रश्न नवा नाही. निजामी अमलात नांदेड-लातूरच्या मुलाला पदवीसाठी बहुधा हैदराबाद गाठावे लागे, आणि तेथील उस्मानिया विद्यापीठात विद्या मिळे ती उर्दूतून. आपल्याच राज्यात तो परदेशी! १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, तेव्हा कोठे ती वाट घरापाशी आली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली परतून बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तर जातीपायी राहायला जागा मिळेना. मग ती विद्या वाया गेली काय? त्यांनीच १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. ज्यांनी कधी बोट पाहिली नाही, अशा मुलांच्या दारी ती विद्या चालत आली.

पण प्रत्येक मुलाकडून एवढी अपेक्षा धरणे न्यायाचे होईल काय? बापाने शेत गहाण टाकून धाडले असेल, तर मुलाने आधी ते सोडवावे. त्यात कमीपणा नाही. सरकारी शिष्यवृत्तीवर गेलेल्याचे सावकार मात्र सारे लोक असतात. त्याने परतलेच पाहिजे, असेही मी म्हणत नाही. मागून येणाऱ्या एकाची जरी वाट त्याने सोपी केली, तरी त्याचे जाणे सार्थकी लागले.