रिपोर्ट नॉर्मल, पाय मात्र दुखतात

॥ श्रीगुरवे नमः ॥

 

या वेळच्या पत्रासाठी "दुखणं आणि श्रद्धा" यावर चार शब्द लिहा असं आम्हाला सांगितलं. लिहायला बसलो आणि लक्षात आलं, की दुसऱ्यांना काही सांगण्याआधी आपल्याच घरात काय झालं ते सांगायला हवं. सूनबाईला विचारूनच लिहितो आहोत. ती म्हणाली, "लिहा बाबा, पण मला बिचारी करू नका."

आम्ही दोघं सत्तरीच्या पुढचे. मुलगा, सून, दहावीतली नात, असं इंदूरचं आमचं घर. सून ४४ वर्षांची, शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी दिवाळी झाली आणि तिचे पाय दुखायला लागले. सांधे नाहीत, स्नायू. पोटऱ्या कुणीतरी ओल्या कपड्यासारख्या पिळतंय असं तिला वाटायचं. मांड्या जड व्हायच्या. सकाळी बरं, दुपारनंतर वाढायचं, रात्री झोप नाही. आम्ही म्हटलं, दिवाळीची दगदग झाली, फराळ करताना ओट्यापाशी तासन्‌तास उभी होती, जाईल आठ दिवसांत.

गेलं नाही. घरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, महिनाभर बरं वाटलं, पुन्हा तेच. मग हाडांचे डॉक्टर. एक्स-रे साफ. रक्ताच्या तपासणीत बी-१२ आणि डी व्हिटॅमिन कमी निघालं. आम्हाला केवढं हायसं वाटलं! सापडलं एकदाचं. आपल्यासारख्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं काही नवीन नाही. इंजेक्शनं झाली, पुड्या झाल्या, आकडे वर आले. पाय होते तिथेच राहिले. थायरॉइड ठीक. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढतं ते सीपीके, तेही ठीक. रक्तवाहिन्यांची डॉपलर ठीक. विजेचे हलके झटके देऊन नसा तपासतात, तीही तपासणी ठीक. कमरेच्या एमआरआयमध्ये वयाप्रमाणे थोडी झीज, पाय असे दुखावेत इतकी नव्हे. फाइल जाड होत गेली.

शेवटी एका मोठ्या डॉक्टरांनी फाइल चाळली आणि दोन मिनिटांत म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे. मनावर घेऊ नका." घरी आलो. आम्ही देवापुढे साखर ठेवली. सून स्वयंपाकघरात जाऊन रडायला लागली. आम्ही तिला म्हटलं, "अगं, काही निघालं नाही म्हणून पेढे वाटायचे, की रडायचं?"

हे वाक्य आमचंच. आज लिहितानाही लाज वाटते.

त्या दिवसापासून घरातलं वातावरण बदललं. तिने "पाय दुखतात" म्हटलं, की आम्ही एकमेकांकडे बघायचो. शाळेचा ताण असेल. लक्ष वेधायचं असेल. नातेवाइकांचे सल्ले सुरूच होते. कुणी म्हणे वजन कमी कर, कुणी म्हणे नजर लागली. आपल्याच सत्संगातल्या एका काकूंनी, अगदी मायेनेच, विचारलं, "नामात काही कमी पडतंय का गं?" आणि आम्ही आमच्या परीने सगळ्यात पवित्र शब्द वापरला. म्हटलं, "प्रारब्ध आहे बाळा, भोगून संपवायचं."

गुरुवारच्या आरतीला ती येईनाशी झाली. दोन तास जमिनीवर बसणं जमत नव्हतं, आणि धडधाकट दिसणाऱ्या बाईने आजींच्या शेजारी खुर्ची घ्यायची म्हणजे लोक काय म्हणतील, हा संकोच. आम्ही मात्र लोकांना सांगत होतो, "तिचं हल्ली मन लागत नाही."

एका रात्री दोनच्या सुमाराला आमच्यापैकी एकजण पाणी प्यायला उठलं. स्वयंपाकघरात अंधारातच सून बसली होती, पोटऱ्यांना तेल चोळत. दिवा लावला तर आम्हाला जाग येईल म्हणून लावला नव्हता. "अगं, उठवलं का नाहीस?" तर म्हणाली, "उठवून काय सांगू आई? रिपोर्ट तर नॉर्मल आहेत."

दुसऱ्या दिवशी नातीने आणखी एक प्रश्न टाकला. आमच्या घरात दुसरेही दुखरे पाय आहेत, सासूबाईंचे म्हणजे आजींचे गुडघे. एक्स-रेत झीज स्पष्ट दिसते. त्या गुडघ्यांना घरात केवढा मान! जिना चढू नका, खाली बसू नका, आणि रोज रात्री ते गुडघे चेपायला बसणारी कोण, तर हीच सून. नात म्हणाली, "आजी, तुझे गुडघे दुखतात तेव्हा तू कुणाला रिपोर्ट दाखवतेस का?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून आम्ही दोघं यावर विचार करत आलो. त्यातून जे हाती लागलं ते आपल्यापुढे ठेवतो.

*पहिली गोष्ट, "नॉर्मल" म्हणजे काय?*

आम्ही समजत होतो, नॉर्मल म्हणजे "तुला काही झालेलं नाही". नंतरच्या डॉक्टरांनी समजावलं ते वेगळंच. बऱ्याच तपासण्यांत निरोगी माणसांच्या मोठ्या गटातल्या मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे जिथे बसतात, त्या पट्ट्याला नॉर्मल म्हणतात. आणि प्रत्येक तपासणी तिला विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते. एक्स-रे हाड दाखवतो, स्नायूचं दुखणं त्यात कसं दिसणार? नसांची ती झटक्यांची तपासणी जाड तंतू बघते, वेदना वाहून नेणारे बारीक तंतू तिच्या हाती लागत नाहीत. गुडघ्यांचंही तसंच. कुणाच्या एक्स-रेत पुष्कळ झीज असते आणि दुखणं थोडं, कुणाचं उलट. म्हणजे जिथे फोटो आहे तिथेही तो वेदनेचं माप नसतो.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने १९७९ साली वेदनेची व्याख्या केली आणि २०२० साली ती सुधारली. त्या व्याख्येसोबत स्पष्ट म्हटलं आहे, की माणूस दुखतंय असं सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा. शास्त्राने जे लिहून ठेवलं, ते आम्हाला घरातल्या घरात करता आलं नव्हतं.

*दुसरी गोष्ट, प्रारब्ध कुणाचं?*

संचित, प्रारब्ध, क्रियमाण हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. साठलेलं ते संचित, त्यातलं या जन्मी भोगायला आलेलं ते प्रारब्ध, आणि आत्ता आपण जे करतो ते क्रियमाण. प्रारब्ध खोटं आहे असं आम्ही म्हणत नाही. आमची त्यावर श्रद्धा आहे. पण हा शब्द कुणी कुणासाठी वापरायचा, हा प्रश्न आहे.

स्वतःच्या दुखण्याला माणूस प्रारब्ध म्हणाला तर त्याला बळ येतं. चिडचिड कमी होते, "मलाच का" हे थांबतं. तोच शब्द आम्ही सुनेच्या दुखण्याला लावला, तेव्हा बळ कुणाला मिळालं? आम्हाला. आमचं काम संपलं. तेल चोळायला नको, सुट्टी काढून दवाखान्यात सोबत जायला नको, रात्री उठायला नको. प्रारब्ध तिचं, आणि सुटका आमची!

शिवाय तिचं प्रारब्ध आम्हाला कुठे दिसत होतं? दिसत होते फक्त दुखरे पाय. आमच्या हातात होतं ते आमचं क्रियमाण, म्हणजे त्या पायांशी आम्ही कसं वागलो. हिशेब आमचा व्हायचा तो त्याचाच होणार. म्हणून घरात आम्ही एक नेम केला: प्रारब्ध हा शब्द ज्याने त्याने स्वतःपुरता वापरायचा.

*तिसरी गोष्ट, डॉक्टरांकडे धावणं म्हणजे श्रद्धा कमी का?*

हे काहींच्या मनात असतं, बोलत नाहीत एवढंच. रामकृष्ण परमहंसांना शेवटच्या काळात घशाचा असाध्य रोग झाला. डॉ. महेंद्रलाल सरकार त्यांच्यावर उपचार करत होते, आणि १८८६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी देह ठेवला. रमण महर्षींच्या डाव्या हातावर गाठ आली, १९४९ साली एकाहून अधिक वेळा शस्त्रक्रिया झाल्या, १९५० च्या एप्रिलमध्ये ते गेले. अशा विभूतींनाही देहाचं दुखणं चुकलं नाही. भक्तांनी डॉक्टर आणले आणि त्यांनी ते येऊ दिले. मग घरच्या सुनेला "नामात कमी पडतंय" म्हणण्याचा अधिकार आम्हाला कुणी दिला?

मात्र शोधालाही मर्यादा हवी, हेही आम्ही शिकलो. मधली आठ-दहा महिने आम्ही नुसते धावत होतो. आज हे डॉक्टर, उद्या ते वैद्य, परवा ग्रुपवर आलेलं "सात दिवसांत पाय मोकळे" असं तेल. प्रत्येक ठिकाणी आशा, आणि प्रत्येक वेळी तिच्यावरच राग, की हिला कशानेच कसं बरं वाटत नाही! आता एकाच डॉक्टरांकडे जातो. पहिल्या भेटीत ते म्हणाले, "कारण मला अजून सांगता येत नाही. पण तुमचं दुखणं खरं आहे. दर तीन महिन्यांनी भेटू, नवं काही दिसलं तर नव्याने शोधू, तोवर त्रास कमी कसा होईल ते बघू." सून त्या दिवशीही रडली. या वेळी आम्हाला कारण कळलं.

तेव्हापासून नात एका वहीत लिहून ठेवते: किती चालणं झालं, झोप किती, दुखणं दहापैकी किती. रोज थोडं थोडं वाढवत चालणं, गरम पाण्याचा शेक, झोपेची शिस्त, एक औषध. दुखणं गेलेलं नाही. काही दिवस तीन असतं, काही दिवस सात. पण सातच्या दिवशी घरात कुणी तिच्याकडे संशयाने बघत नाही.

वडीलकीच्या नात्याने थोडं सावधही करतो. एकच पाय अचानक सुजला, गरम लागला. पायातली ताकद गेली. लघवी-शौचावरचा ताबा गेला. स्नायू दुखताना लघवी चहासारखी गडद झाली, तर गुरुवारची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. थोडं चालल्यावर पोटऱ्या भरून येतात आणि थांबलं की बरं वाटतं, असं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनी स्नायू दुखू शकतात, म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा. पण मनाने कुठलीही गोळी बंद करू नका.

आता शेवटचं. आमच्या सत्संगाच्या हॉलमध्ये आम्ही मंडळींशी बोललो. गुरुवारी आता भिंतीलगत दहा खुर्च्या मांडलेल्या असतात. कुणी बसलं तर "का हो, काय झालं?" असं विचारायचं नाही, असं ठरलंय. पहिल्या गुरुवारी दोनच जण बसले. आता दहाही भरतात, त्यात तिशीतली मुलंसुद्धा असतात. इतके दिवस ही माणसं कुठे होती, किंवा जमिनीवर बसून काय सोसत होती, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

सूनबाई तिसऱ्या खुर्चीवर बसते. तिच्या दुखण्याला अजून नाव मिळालेलं नाही. कदाचित मिळेल, कदाचित नाही. रात्री आजींचे गुडघे आता नात चेपते, आणि तेलाची वाटी घेऊन सुनेजवळ आजी बसतात. पहिल्या दिवशी ती पाय आखडून घेत होती, "आई, तुम्ही माझ्या पायांना हात लावायचा नाही." आजी म्हणाल्या, "पादुकांना लावते ना रोज? मग हे तर घरातले पाय."

आपल्या घरातही असं कुणी असेल. रिपोर्ट नॉर्मल, चेहरा हसरा, आणि रात्री अंधारात तेल चोळणारं. आज हे पत्र पुढे पाठवण्याआधी त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, "आज किती दुखतंय?" जो आकडा सांगतील तो खरा माना.

चूकभूल द्यावी घ्यावी.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥