देवाचा डोह आणि माशांची नदी

महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तो वरदायिनी देवीचा मानला जातो, म्हणून तिथले महसीर मासे कोणी धरत नाही. उलट भाविक त्यांना कुरमुरे टाकतात. कर्नाटकात शृंगेरीला तुंगेच्या घाटावरही असेच अभय आहे. प्रश्न असा, की देवाच्या धाकाने झालेल्या रक्षणाला संवर्धन म्हणावे का?

हेतू पाहिला तर नाही म्हणावे लागेल. इथे माशाच्या जातीची नव्हे, देवीच्या मालकीची राखण होते. पण परिणाम नाकारता येत नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांचा, अभ्यास केला, तेव्हा भोवतालचे रान तुटले असतानाही तिथे जुने वृक्ष आणि महावेली टिकून असल्याचे दिसले. माशाला मात्र कुंपण पुरत नाही. महसीर पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढून गोट्या-वाळूच्या स्वच्छ, उथळ पाण्यात अंडी घालतो. वाटेत धरण आले, वाळू उपसली गेली किंवा काठचे जंगल तुटून गाळ उतरला, तर डोहातले अभय पिलांपर्यंत पोहोचत नाही. कुरमुऱ्यांवर पोसलेले मोठे मासे पाहून सगळे ठीक आहे असा समज होतो, तो तर अधिकच फसवा.

श्रद्धेची व्याप्ती डोहापासून नदीपर्यंत वाढू शकते, असा युक्तिवाद होतो. अनुभव मात्र संमिश्र आहे: काही गावांत देवळाच्या जीर्णोद्धारासाठी देवराईतलीच झाडे तोडली गेली. देव तोच राहिला. पावित्र्य रानातून सिमेंटच्या सभामंडपात गेले.