पाहणाऱ्याची सही

मुद्राचित्रकार आपल्या प्लेटवरून किती प्रती काढायच्या हे आधीच ठरवतो. पन्नास ठरल्या, तर प्रत्येक प्रतीखाली डावीकडे पेन्सिलीने 7/50, 8/50 असा क्रमांक पडतो आणि उजवीकडे त्याची सही. शेवटची प्रत निघाली की प्लेटवर ओरखडे मारून ती निकामी करण्याची प्रथा आहे. यात बाजाराचं गणित आहेच. मोजक्या वस्तूला भाव येतो. पण एक हमीही आहे: ही प्रतिमा माझी, प्रती इतक्याच, आणि यापुढे निघणार नाहीत.

पाळत हाच विषय घेऊन मोजक्या प्रती काढणारा कलावंत भेटला की ही हमी अधिक बोलकी होते. ट्रेव्हर पॅगलेन हा असाच एक अमेरिकन. नेवाडाच्या वाळवंटातल्या गुप्त लष्करी तळांजवळ फिरकायला बंदी, म्हणून त्याने ते कित्येक मैलांवरून, आकाश न्याहाळायच्या दुर्बिणींतून टिपले. मधली हवा तापलेली. त्यामुळे चित्रातला तळ थरथरतो, ओळखू येता येता निसटतो. हौशी आकाशनिरीक्षकांनी जमवलेल्या नोंदींच्या आधारे त्याने हेरगिरी करणाऱ्या उपग्रहांच्या रेघाही रात्रीच्या आभाळात पकडल्या. स्नोडेनने 2013 मध्ये अमेरिकेच्या पाळतयंत्रणेची कागदपत्रं उघड केली, तेव्हा तिच्या मुख्यालयाचं एकच जुनं सरकारी छायाचित्र जगभर छापलं जात होतं. पॅगलेनने हेलिकॉप्टरमधून रात्री नवं छायाचित्र घेतलं आणि 2014 मध्ये ते कुणालाही फुकट वापरायला खुलं केलं. विकलेली प्रत असो की वाटलेली, पाहणारा कोण हे त्याने लपवलं नाही.

बुलढाण्यात बसून हे वाचताना वाटेल, आपला काय संबंध? संबंध डोक्यावरच आहे. जून 2020 मध्ये लोणारच्या विवरातल्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. मे अखेरचं हिरवट पाणी आणि 10 जूनचं गुलाबी पाणी, दोन्ही लँडसॅट 8 या उपग्रहाने टिपलं आणि नासाने ती चित्रं प्रसिद्ध केली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून मिठात वाढणारे सूक्ष्मजीव हे कारण दिलं. लँडसॅटचा एक ठिपका जमिनीवर तीस मीटरचा, विवराचा सुमारे 1.8 किलोमीटरचा व्यास त्यात साठेक ठिपक्यांत मावतो. माणूस त्यात दिसतच नाही. आणि ही चित्रं 2008 पासून कुणालाही मोफत मिळतात. पाहणं वाईट नसतं, याचा हा पुरावा.

पण ठिपका बारीक होत जातो. खासगी उपग्रहांचा आता तीस सेंटिमीटरवर आला आहे आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात तर चेहराच येतो. 2023 च्या सुरुवातीपासून मनरेगाच्या सार्वजनिक कामांवर मजुरांची हजेरी ॲपवर लागू लागली: दिवसातून दोनदा, ठिकाणाच्या नोंदीसह छायाचित्र. रोजगार हमीचा कायदा देशाच्या कितीतरी आधी, 1977 मध्ये करणाऱ्या महाराष्ट्रात मस्टरवरची खोटी नावं ही काही ऐकीव गोष्ट नव्हे. म्हणून ॲप आलं, तर मजुराने तक्रार का करावी, असा प्रश्न रास्त आहे. उत्तर जुलै 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाच्याच परिपत्रकाने दिलं. कामाशी संबंध नसलेली छायाचित्रं, छायाचित्राचंच काढलेलं छायाचित्र असे प्रकार त्यात नोंदवले आणि पडताळणी पुन्हा माणसांवर सोपवली. ज्याला फसवायचं तो फसवतच राहिला. नेटवर्क नसल्याने हजेरी बुडाली तर मजुरी जाते ती खरोखर राबणाऱ्याची.

या नजरेला इतिहास आहे. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे देशभर कितीतरी जमाती जन्मानेच संशयित ठरवल्या: नावाची नोंद, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी ठाण्यात हजेरी. 1952 मध्ये तो रद्द झाला. पण पारध्यांच्या बेड्यावर आजही चोरी झाली की आधी कुणाकडे जातात, हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. कायदा गेला, पण त्याची प्लेट कुणी खरवडली नाही.

आजचा कायदाही ती खरवडत नाही. पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर आलेल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने काम संपल्यावर माहिती पुसण्याचं बंधन कंपन्यांवर घातलं, सरकारला मात्र त्यातून मोकळं ठेवलं. म्हणजे खोदकामावर उभ्या असलेल्या बाईचं छायाचित्र किती ठिकाणी आहे, ते कोणी उघडलं, कधी नाहीसं होणार, हे तिला सांगायला कुणी बांधील नाही. तिचं नाव, जॉबकार्ड, जागा, वेळ सगळं नोंदलेलं. पाहणारा मात्र निनावी.

म्हणून वाद पाळत हवी की नको असा घालण्यात अर्थ नाही. सार्वजनिक पैशावर नजर हवीच. ज्या अटी एक चित्रकार आपणहून पाळतो, त्या राज्याने पाळाव्यात एवढीच मागणी आहे. प्रत्येक छायाचित्र कुणी पाहिलं याची नोंद मजुराला मागता यावी, प्रती कुठे गेल्या हे ग्रामसभेत वाचून दाखवावं, आणि मजुरी चुकती होऊन सामाजिक अंकेक्षण पार पडलं की मूळ चित्र पुसावं. हजेरी मजुराची लागते, तशी ती पाहणाऱ्याचीही लागली पाहिजे.