वाळूजला मोकळीक, गंगापूरला नाही

वाळूज हे गंगापूर तालुक्यातले गाव. औद्योगिक वसाहतीचे शेवटचे कुंपण संपते तिथून कपाशीचे रान सुरू होते. एकाच तालुक्यातल्या या दोन जगांना आपण दोन वेगळे न्याय लावले आहेत. काय बनवायचे, किती बनवायचे आणि कोणाला विकायचे, हे 1991 पासून बहुतेक कारखानदार स्वतः ठरवतात. कापूस, कांदा, सोयाबीन यांच्या बाबतीत मात्र शेवटचा शब्द आजही दिल्लीचा असतो. समाजवादी नियोजन फसले, असे आपण सहज बोलून जातो. माझे म्हणणे असे की ते आपण निम्म्याच देशापुरते मोडले.

नियोजनावरचा मूळ आक्षेप नीतीचा नाही, हिशेबाचा आहे. अर्थतज्ज्ञ लुडविग फॉन मिझेस यांनी तो 1920 मध्ये व्हिएन्नातून मांडला. उत्पादनाची सगळी साधने सरकारची झाली की त्यांची खरेदी-विक्री थांबते. ती थांबली की भाव उरत नाहीत. आणि भावच नसेल तर पोलाद रुळांना द्यावे की नांगराच्या फाळाला, हे कशाच्या आधारावर ठरवायचे? पोलंडचे ऑस्कर लांगे यांनी त्यावर तोडगा सुचवला. नियोजन मंडळानेच भाव लावून पाहावेत, टंचाई दिसली तर वाढवावेत, माल पडून राहिला तर उतरवावेत. फ्रेडरिक हायेक यांनी 1945 च्या निबंधात नेमके यावर बोट ठेवले. कोणत्या शिवारात पाऊस कमी झाला, कोणत्या गिरणीला लांब धाग्याची रुई हवी, हे लाखो माणसांना तुकड्या-तुकड्याने माहीत असते. कोणत्याही एका टेबलावर ते वेळेत गोळा होत नाही. भाव मात्र ते रोज गोळा करतो. आपल्याकडे दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या अर्थतज्ज्ञ मंडळात 1955 साली बी. आर. शेणॉय यांनी एकट्याने भिन्नमतपत्रिका जोडली. तिची दखल घ्यायला देशाला साडेतीन दशके लागली.

हा वाद समजून घ्यायला मॉस्कोपर्यंत जायची गरज नाही. महाराष्ट्राची कापूस एकाधिकार खरेदी योजना पुरेशी आहे. 1971 चा कायदा, 1972-73 च्या हंगामापासून अंमल. राज्यात पिकलेला सगळा कापूस सरकारनेच घ्यायचा, पणन महासंघाच्या केंद्रांमार्फत. खाजगी व्यापाऱ्याने बोंडाला हात लावायचा नाही. हेतू वाईट नव्हता, हे आग्रहाने सांगितले पाहिजे. काटा मारणारा, उधारीत अडकवणारा, हंगामात भाव पाडणारा व्यापारी ही काही कल्पना नव्हती. मराठवाड्यातल्या घराघराने तो भोगला होता.

पण व्यापाऱ्याला हटवताना भावही हटवला गेला. राज्याबाहेर भाव चढला की कापूस रात्री सीमा ओलांडायचा. किनवटकडून आदिलाबादला जाणाऱ्या गाड्या अडवायला नाके बसले. स्वतःच्या रानात पिकवलेला माल शेजारच्या जिल्ह्यात विकणे हा गुन्हा ठरला! बाहेरचा भाव पडला की उलटी वाहतूक सुरू व्हायची आणि परराज्यातला कापूस आपल्या केंद्रांवर यायचा. म्हणजे महाग असताना सरकारला माल मिळेना, आणि स्वस्त असताना दुसऱ्यांचाही माल गळ्यात पडे. नियोजनाचा दोष यापेक्षा स्वच्छ दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही. केंद्रावर गाड्यांची रांग लागे, आणि कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरच्या एका शब्दावर वर्षाची कमाई वरखाली होई. तिथे नाही पटले तर दुसऱ्या दारात जाण्याची सोयच नव्हती. माझ्या मते शेतकऱ्याचे सर्वांत मोठे नुकसान हे होते. वाईट व्यापारी सोडता येतो. एकमेव खरेदीदार सोडता येत नाही.

हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी 1980 च्या सुमारास दाखवून दिले होते की तोटा सरकार भरून देणार हे ठाऊक असलेली संस्था खर्चाची फिकीर करत नाही. नव्वदच्या दशकात इथे तेच झाले. जाहीर भाव बाजाराकडे बघून न ठरता राजकीय सोयीने ठरू लागला, तोटा साचत गेला आणि अखेरीस शेतकऱ्यांचे चुकारे रखडले. 2002 च्या सुमारास एकाधिकार संपला. त्याआधी, डिसेंबर 1986 मध्ये, सुरेगावला कापूस आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मेले. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही शेतकरी संघटनेची घोषणा होती. संघटनेचे नेते शरद जोशी यांचा मुद्दा असा की सरकार शेतकऱ्याला जे देते, त्याहून जास्त भाव पाडून काढून घेते.

वाळूजकडे वळू. परवाना राजात बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, कारण किती स्कूटर बनवायच्या हे सरकारी परवाना ठरवत होता. वाळूजचा कारखाना 1985 चा. जुलै 1991 च्या औद्योगिक धोरणाने अठरा उद्योग वगळता परवाने गेले, आणि प्रतीक्षायादी हा प्रकारच आपल्या मुलांना सांगून पटत नाही. इथे एक आक्षेप येतो आणि तो बरोबर आहे: वाळूज बाजाराने एकट्याने उभे केले नाही. जमीन एमआयडीसीची, पाणी जायकवाडीचे, मागास भागासाठीच्या सवलती राज्याच्या. लालबहादूर शास्त्रींनी 1965 मध्ये जायकवाडीची पायाभरणी केली नसती, तर छत्रपती संभाजीनगर शहराचे आजचे रूप दिसले नसते. मला हे नाकारायचे नाही. धरण बांधणारे, रस्ता करणारे, काटा तपासणारे सरकार हवेच. पण जायकवाडीचे पाणी देताना स्कूटर कोणाला विकायची हे सरकारने कारखान्याला सांगितले नाही. शेताला पाणी देताना मात्र माल कुठे विकायचा नाही, हेही सांगितले जाते.

कापसावर एप्रिल 2010 मध्ये आणि पुन्हा मार्च 2012 मध्ये निर्यातबंदी आली. डिसेंबर 2021 मध्ये सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले गेले. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली. लासूर आणि वैजापूरच्या बाजारांनी ती सोसली. ऑगस्ट 2025 मध्ये, वेचणी तोंडावर असताना, कापसावरचे आयातशुल्क उठवले गेले.

कोणी म्हणेल, एकाधिकार गेला तरी आत्महत्या थांबल्या नाहीत, मग बाजाराने काय दिले? प्रश्न खरा आहे. कर्जाचा हप्ता आणि घरात साठवायला जागा नाही, म्हणून वेचणी होताच माल विकणाऱ्याला भावाची मोकळीक फारशी उपयोगी पडत नाही. गोदाम, त्याच्या पावतीवर मिळणारे कर्ज, वेळेवर पीकविमा, ही सरकारचीच कामे आहेत. पण आज त्याला मिळते तो बाजारही अर्धाच आहे: भाव चढला की बंदी येते, उतरला की उतार पूर्ण त्याचा. अशा धंद्यात वाळूजचा एकही कारखाना टिकणार नाही.

शहरातल्या गरिबाला स्वस्त कांदा देणे हे सरकारचे कर्तव्य मी मानतो. ते तिजोरीतून पार पाडावे, म्हणजे बोजा आपल्या सगळ्यांवर पडेल. आज तो एकट्या उत्पादकावर पडतो. तेव्हा सिडको, गारखेडा, समर्थनगरमध्ये राहणाऱ्या माझ्या वाचकांना विनंती आहे. पुढच्या वेळी कांदा महागला आणि निर्यातबंदीची मागणी सुरू झाली, तर तिच्या विरोधात बोला, आणि आपल्या खासदारालाही ते ऐकवा.