माणसांचं वाद्य

व्हायोलिन पेटीत घालून बोटीवर चढता येतं. वाद्यवृंद कुठल्या पेटीत मावणार? त्याचा संचालक देश सोडून निघतो, तेव्हा त्याच्या सामानात फार तर एक काठी असते आणि त्या काठीतून आवाज निघत नाही. त्याचं खरं वाद्य माणसांचं, आणि ते मागेच राहतं. नव्या गावात ते पुन्हा घडवावं लागतं. घडवायचं म्हणजे शिकवायचं. म्हणून परदेशी गेलेला संचालक आणि शिक्षक यांच्यात फारसं अंतर उरत नाही.

वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता यांच्याकडे पाहिलं की ही गोष्ट उलगडत जाते. जन्म 1908 चा, मुंबईचा. 1935 मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. उभा केला हे शब्दशः, कारण शहरात असा तयार ताफा नव्हताच. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकून आलेले गोव्याचे वादक, हौसेने वाजवणारे पारशी, नौदलाच्या बँडमधले लोक, अशी ही जमवाजमव. गोव्याच्या त्या वादकांची रोजीरोटी हॉटेलांतल्या नाचगाण्यावर आणि सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांवर चाले. अशा मंडळींकडून बेथोवेन वाजवून घ्यायचा, तर संचालकाला आधी मास्तर व्हावंच लागतं.

त्यांना शिकवायचं तरी काय? आपला गवई पहाटे तंबोरा लावून एकटा बसतो आणि त्याचा रियाज होतो. व्हायोलिनवालाही घरी बसून बोटं तयार करू शकतो. पण वाद्यवृंदात व्हायोलिनच्या दोन वादकांत स्वरलिपी ठेवायचा एकच स्टँड असतो. पान संपलं की आतल्या बाजूला बसलेला हात थांबवून पान उलटतो आणि तेवढा वेळ बाहेरचा त्याच्याही वाट्याचं वाजवतो. कागदावर पेन्सिलीच्या खुणा असतात. चौकोनासारखी दिसली की गज खाली, दोन रेघा खाली टोकाला जुळलेल्या दिसल्या की वर. एका ओळीतल्या सगळ्यांचे गज एकाच दिशेला गेले पाहिजेत. हे घरी बसून येत नाही. दुसऱ्याच्या शेजारी बसूनच येतं.

मेहलींनी हे दोन्ही बाजूंनी अनुभवलं. दुसरं महायुद्ध संपत असताना ते न्यूयॉर्कला इव्हान गॅलामियन यांच्याकडे व्हायोलिन शिकायला गेले. स्वतः वाद्यवृंद चालवणारा माणूस पस्तिशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थी झाला. पुढे पन्नाशीच्या सुमारास मुंबई सोडली. मँचेस्टरला हॅले ऑर्केस्ट्रात संचालक बार्बिरोलींच्या हाताखाली वाजवलं, मग फिलाडेल्फियाच्या कर्टिस चौकडीत दुसरं व्हायोलिन धरलं. काठी मुंबईत राहिली होती. बरोबर आलेल्या व्हायोलिननेच पोटापाण्याचं पाहिलं. वरवर ही उतरण वाटते. पण ज्याने मुंबईत वादकांना ओळीत बसवलं, तो आता स्वतः ओळीत बसून पाहत होता की काठी खालून कशी दिसते.

1964 मध्ये ते लॉस एंजेलिसला आले. झुबिन तिथल्या फिलहार्मॉनिकचे संगीत संचालक 1962 पासूनच होते. मुलाच्या समोर तयार, पगारी वादक होते. छप्पन्नाव्या वर्षी बापाने हाती घेतली ती कच्ची मुलं. कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद चालवला आणि विद्यापीठाबाहेर अमेरिकन यूथ सिंफनीची स्थापना केली. शिक्षण आणि नोकरी यांच्यामध्ये अडलेल्या तरुण वादकांसाठी तो पूल होता.

इथे गोष्टीला एक वळसा आहे. एकदा वाद्यवृंद मागे टाकून आलेल्या माणसाने असं काम पत्करलं, ज्यात वाद्यवृंदच दर वर्षी त्याला सोडून जातो. विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदात जो पुरता तयार झाला, तोच आधी निघतो. ओबो सुरात आला की ओबोवाला पदवी घेऊन चालू लागतो. पुढच्या हंगामात तीच खुर्ची, नवा मुलगा आणि गजाच्या खुणांपासून पुन्हा सुरुवात. गाव न बदलताही स्थलांतर चालूच. ज्याला आपलं वाद्य कायम आपल्याजवळ हवं, त्याला हे सोसवणार नाही. मेहलींना सोसलं. यूथ सिंफनीची काठी त्यांनी 1998 मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर खाली ठेवली. 2002 मध्ये ते गेले.

त्यांच्या हाताखालून गेलेला एखादा वादक पुढे दुसऱ्या शहरात, अनोळखी माणसाशेजारी, त्याच एका स्टँडसमोर बसतो. पान संपत येतं. आतल्या बाजूचा असेल तर तो हात थांबवतो आणि पान उलटतो. तेवढं कुणी सांगायला लागत नाही.