तवक्कुल आणि नोकरीचा शोध

पदवी हाती आलेला तरुण रात्री झोपण्यापूर्वी मोबाइलवरून वीस-पंचवीस ठिकाणी अर्ज पाठवतो. बँकेत लिपिक, औषध कंपनीत विक्री-प्रतिनिधी, विमानतळावर सामान हाताळणारा, दुबईत सुपरवायझर. जाहिरात दिसली की बोट टेकवायचे. सगळीकडे बायोडाटा एकच जातो. महिना उलटतो, उत्तर येत नाही. आईने विचारले की तो म्हणतो, "मी प्रयत्न केले, आता रिज्क अल्लाहच्या हाती." हे वाक्य श्रद्धेचे आहे आणि अर्थाने खरेही आहे. प्रश्न एवढाच की, ते उच्चारण्याचा अधिकार माणसाला केव्हा प्राप्त होतो?

तवक्कुल म्हणजे आपले काम पूर्ण करून परिणाम अल्लाहवर सोपवणे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु 'आपले काम' कोणते, याचा विचार फारसा होत नाही. हजरत उमर (रजि.) यांनी कथन केलेल्या आणि तिर्मिजीच्या संग्रहात असलेल्या प्रसिद्ध हदीसमध्ये पक्ष्यांचे उदाहरण येते. ते सकाळी रिकाम्या पोटी निघतात आणि सायंकाळी तृप्त होऊन परततात. पक्षी घरट्यात बसून राहत नाही, हा बोध प्रत्येक वक्ता सांगतो. त्यापुढची गोष्ट हदीसमध्ये नाही, ती आपल्या डोळ्यांनी पाहण्याची आहे. बगळा पाण्याकडे जातो, सुतारपक्षी खोडाकडे जातो आणि साळुंकी नांगरलेल्या शेतात उतरते. अल्लाहने ज्याला जशी चोच दिली, तसे त्याचे जाणे. दिसेल त्या दिशेला भरारी घेणारा पक्षी आपल्या पाहण्यात नाही.

अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेली एक हकिकत या विषयावर फार मोलाची आहे. एक अन्सारी गृहस्थ प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मागायला आले. प्रेषितांनी (स.) त्यांना प्रथम विचारले की, घरात काय आहे? एक जाडेभरडे वस्त्र आणि पाणी पिण्याचे एक भांडे, एवढेच होते. ते मागवून प्रेषितांनी (स.) लिलाव केला आणि दोन दिरहम आले. एका दिरहमचे अन्न घेऊन घरी पोचवायचे, दुसऱ्याची कुऱ्हाड आणायची, अशी आज्ञा झाली. तिला दांडा बसवला तो स्वतः प्रेषितांनी (स.). मग सांगितले की, लाकडे तोड, वीक आणि पंधरा दिवस मला दिसू नकोस. ते गृहस्थ परतले तेव्हा त्यांच्यापाशी दहा दिरहम होते. त्यांतून त्यांनी कपडे व अन्न घेतले.

भीक मागू नये, हा या हकिकतीचा उघड अर्थ. तिच्यातील क्रम मात्र आपण वाचून सोडून देतो. सर्वांत आधी घरात काय आहे, याची मोजदाद झाली. कुटुंबाची भूक प्रथम भागवली गेली, कारण उपाशी मुलांच्या बापाला शांतपणे काम शोधता येत नाही. नंतर एकच अवजार आणि एकच काम ठरले. त्याला मुदत दिली गेली आणि मुदतीच्या शेवटी हिशेब पाहिला गेला. 'पंधरा दिवस दिसू नकोस' या आज्ञेत मला नेहमी विशेष करुणा जाणवते. मध्येच येऊन 'अजून काही झाले नाही' असे सांगण्याची वाट त्या माणसासाठी बंद केली गेली, तशीच रोज विचारणा होण्याची लाजही टळली. आपल्या घरांत बेकार मुलाला रोज रात्री जेवताना जे विचारले जाते, ते आठवून पाहावे.

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) हिजरत करून मदिनेत आले तेव्हा त्यांच्या अन्सारी बंधूंनी, हजरत साद बिन रबी (रजि.) यांनी, आपली निम्मी संपत्ती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी बरकतीची दुआ दिली आणि विचारले की, येथे व्यापार चालतो असा बाजार कोणता? बनू कैनुकाचा बाजार दाखवला गेला. ते तेथे गेले, सुके दही आणि तूप विकू लागले. मदिना हे खजुरीच्या बागांचे गाव होते. नव्या गावात आलेल्या माणसाने तेथील धंदा शिकायला लागावे, असे कोणालाही वाटेल. पण ते मक्केचे होते आणि व्यापार जाणत होते. त्यांचा पहिला प्रश्नच नेमका होता. 'मला काहीतरी काम द्या' असे ते म्हणाले नाहीत.

'काहीतरी काम द्या' हे वाक्य नम्र वाटते. पण ऐकणाऱ्याला त्यातून काहीच हाती लागत नाही. समजा, खेड तालुक्यातील एक मुलगा रसायनशास्त्राची पदवी घेऊन बसला आहे. लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत त्याच्या तालुक्यातच आहे, पलीकडे महाड आहे. दोन्हीकडे रासायनिक कारखाने आहेत. त्याने मामांना 'कुठे तरी चिकटवा' म्हटले, तर मामा चार लोकांना तेच वाक्य सांगतील आणि चौघेही विसरतील. तोच मुलगा म्हणाला की, 'कारखान्याच्या गुणवत्ता-तपासणी प्रयोगशाळेत काम हवे आहे, टायट्रेशन मला नीट येते, उपकरणावरचे विश्लेषण शिकायचे आहे, शिकाऊ म्हणून सुरुवात चालेल', तर त्या चौघांतील एकाला तरी शेजारच्या प्रयोगशाळेतला ओळखीचा माणूस आठवेल. अशा दहा अर्जांना जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात बोट टेकवून दोनशे अर्ज जातात हे खरे. पण त्या दोनशेंत तो मुलगा कुठेच नसतो.

काम मिळण्याची सर्वांत सविस्तर कथा कुरआनात सूरह कससमध्ये आहे. हजरत मूसा (अलै.) मिसरमधून जीव वाचवून मदयनला पोचले. विहिरीवर गर्दी होती आणि दोन मुली आपली जनावरे रोखून बाजूला उभ्या होत्या. त्यांनी चौकशी केली, जनावरांना पाणी पाजले, सावलीत जाऊन बसले आणि मग अल्लाहकडे हात पसरले. त्या दुआत कोणत्याही कामाचे नाव नव्हते. तू जे भले माझ्याकडे पाठवशील त्याचा मी गरजू आहे, अशा आशयाची ती विनवणी होती. नेमकेपणाचा अर्थ हट्ट असा कोणी करू नये म्हणून हे येथे सांगितले पाहिजे. राजवाड्यात वाढलेल्या मूसांनी (अलै.) पुढे कित्येक वर्षे मेंढपाळाचे काम केले.

नंतर त्या दोन मुलींपैकी एकीने वडिलांना सुचवले की, यांना कामावर ठेवा. कारण नोकरीवर ठेवण्यास उत्तम तोच, जो सामर्थ्यवान आहे आणि विश्वासू आहे. (त्या वडिलांचे नाव कुरआनाने सांगितलेले नाही, ते हजरत शुऐब (अलै.) होते असे अनेकजण मानतात.) 'कवी' आणि 'अमीन' हे ते दोन शब्द. आजही मुलाखत घेणारा माणूस कितीही प्रश्न विचारो, त्याला हेच दोन जाणून घ्यायचे असतात. हे काम याला जमेल का? आणि किल्ली याच्या हाती देऊन मी निश्चिंत झोपू शकेन का? ती मुलगी हे सांगू शकली, कारण तिने विहिरीवर दोन्ही पाहिले होते. विहिरीवर मूसांनी (अलै.) स्वतःची शिफारस केली नव्हती.

बायोडाटा हा त्या विहिरीवरच्या साक्षीचा आजचा पर्याय आहे. येथेच पाय घसरतो. दोन वर्षांचा अनुभव मागितला की कुणाकडून तरी खोटे प्रमाणपत्र आणले जाते; 'सगळेच करतात' हे त्याचे समर्थन. सहीह मुस्लिममध्ये धान्याच्या ढिगाचा प्रसंग आहे. प्रेषितांनी (स.) ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण दिले. तेव्हा त्यांनी विचारले की, मग ओले धान्य वर का नाही ठेवले, म्हणजे लोकांना दिसले असते? आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. खोटा अनुभव म्हणजे ओल्या धान्यावर पसरलेला कोरडा थर. पगार मिळू लागला तरी तो कोणत्या मालाच्या मोबदल्यात मिळतो आहे, हा प्रश्न दर महिन्याच्या पहिल्या तारखेला उभा राहतो.

याच्या उलट दोषही आपल्या मुलांत पुष्कळ आढळतो, आणि तो कोणी दोष मानत नाही. ढिगातले चांगले धान्य ते खाली दडपून ठेवतात. 'कष्टाळू, प्रामाणिक, शिकण्याची आवड' असे शब्द प्रत्येक बायोडाटात असतात आणि म्हणूनच ते कोणी वाचत नाही. वडिलांच्या दुकानाचा हिशेब तीन वर्षे सांभाळला, मदरशाच्या पन्नास मुलांच्या फीची वही ठेवली, पुराच्या वेळी जमातीच्या मदतीचे सामान गावोगाव पोचवले, हे मात्र लिहिलेले नसते. कारण ते 'नोकरी' नव्हते. केलेले काम तारखेसह आणि मापासह सांगणे यात बढाई नाही. ती साक्ष आहे, आणि साक्ष लपवू नये असे आपल्याला शिकवलेले आहे.

स्वतःसाठी पद मागावे का, हा यातला खरा कठीण प्रश्न. सूरह यूसुफमध्ये राजाने मान दिल्यावर हजरत यूसुफ (अलै.) यांनी स्वतः होऊन देशाच्या कोठारांची जबाबदारी मागितली आणि आपण जतन करणारे व जाणकार आहोत, असे सांगितले. दुसरीकडे हजरत अबूजर (रजि.) यांनी अधिकारपद मागितले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले की, तुम्ही या बाबतीत दुर्बल आहात आणि हे पद ही अमानत आहे. अबूजर (रजि.) यांच्या सत्यवचनाची ख्याती सर्वांना ठाऊक आहे, त्यांच्या ईमानाविषयी शंका नव्हतीच. मला वाटते, दोन्ही प्रसंग एकाच मापाने मोजलेले आहेत. सात वर्षांच्या दुष्काळाची तजवीज यूसुफांना (अलै.) ठाऊक होती, म्हणून त्यांचे मागणे कर्तव्य ठरले. अमुक भार पेलणार नाही असे प्रेमाने सांगितले जाणे, हा अबूजर (रजि.) यांचा अपमान ठरला नाही. आपल्याकडे नकाराचे पत्र आले की मुलगा आठ दिवस कोणाशी बोलत नाही. एका विशिष्ट जागेसाठीचा नकार हा माणसाविषयीचा निवाडा नसतो. आणि कधी कधी आपणच जाहिरात वाचून 'ही अमानत माझ्याने पेलवणार नाही' म्हणून पुढे जायला हवे असते.

वशिल्याविषयी थोडेसे. सूरह निसाने चांगल्या शिफारशीत शिफारस करणाऱ्याचा वाटा सांगितला आहे, तसाच वाईट शिफारशीतही. म्हणून ओळखीच्या माणसाकडे जाणे मुळात गैर नाही. पात्र माणसाविषयी खरी माहिती देणे ही चांगली शिफारस. अधिक पात्र माणसाला मागे सारून आपल्याला बसवणे ही वाईट. 'नोकरी लावून द्या' म्हणण्याऐवजी 'तुमच्या विभागात काम कसे चालते, मला काय शिकावे लागेल' असे विचारणाऱ्या मुलाला अर्धा तास देणारे लोक बरेच भेटतात.

आखाताची वाट कोकणातल्या घरांना जुनी आहे, आणि तेथे घाईची किंमत सर्वांत मोठी. परदेशी कामासाठी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार केंद्र सरकारचा परवाना लागतो. तो ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो. त्याच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढी आहे. दीड-दोन लाख मागणारा, 'आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देऊ' म्हणणारा माणूस मोहल्ल्यातला असो की नात्यातला, त्याला नाही म्हणावे. मदयनच्या कथेत मुदत आठ वर्षे, स्वेच्छेने दहा, आणि अल्लाह साक्षी, असा स्पष्ट करार आधी झाला होता. तेथे तर एका बाजूला पैगंबर होते.

इब्ने माजामधील एका हदीसमध्ये रिज्क सुंदर रीतीने शोधण्याची ताकीद आहे. आपल्या वाट्याचे रिज्क पूर्ण मिळाल्याशिवाय कोणी मरणार नाही, हे तिचे कारण सांगितले आहे. 'उशीर झाला' या भीतीनेच माणूस हराम दाराकडे वळतो. म्हणून घरच्यांची जबाबदारी मोठी आहे. पंधरा दिवसांची मुदत द्यावी, त्या काळात विचारणा करू नये, आणि शेवटी एका वहीवर मिळून बसावे: कोणाला भेटलो, कुठे अर्ज केला, काय उत्तर आले, पुढे काय बदलायचे. मुलगी काम शोधत असेल तर तिचीही वही असावी.

आणि इस्तिखारा. हजरत जाबिर (रजि.) सांगतात की, प्रेषित (स.) इस्तिखारा कुरआनाच्या सूरहप्रमाणे शिकवत. दोन रकअत नफ्लनंतरच्या त्या दुआत एक जागा अशी आहे, जिथे मागणाऱ्याने आपल्या कामाचे नाव घ्यायचे असते: हे काम माझ्या दीनसाठी, उपजीविकेसाठी आणि अंतासाठी भले असेल तर ते सोपे कर, नसेल तर ते माझ्यापासून दूर कर आणि मला त्याच्यापासून. लोट्याच्या प्रयोगशाळेचे पत्र आणि जुबैलचा करार, दोन्हींतला पगार, कामाचे तास आणि मुदत वाचून झालेला मुलगा त्या जागी पोचतो तेव्हा त्याच्याकडे घेण्यासारखे एक नाव असते. दोनशे ठिकाणी बोट टेकवून झोपलेल्या मुलाने तेथे कशाचे नाव घ्यावे?